मोडलेल्या मेसॉनचा हिशेब

केडगाव,
१६ सप्टेंबर १९९७

प्रिय प्रज्ञा,

सप्रेम जयभीम. रविवारी फोनवर तू विचारलंस, आणखी दोन वर्षं राहू का डिसेंबरात परत येऊ? आणि मी नुसतं ‘बघू’ म्हणालो. बायको जपानातून जीव टांगणीला लावून विचारतेय आणि नवरा बूथवाल्याच्या तोंडाकडे बघतोय! काय करू, मागं रांग होती आणि सगळ्यांचे कान माझ्याकडंच.

तुझं मेसॉनचं पत्र मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. मेसॉन म्हणजे अणूहूनही बारीक कण, तो मोडतो, तुकडे सापडतात, पण थोडी ऊर्जा गायब. आणि असं मोडणं तुमच्या हिशेबापेक्षा जास्त वेळा दिसतंय. ती ऊर्जा घेऊन पळणारे कण म्हणजेच आकाशगंगांना धरून ठेवणारं, न दिसणारं द्रव्य असावं, हे तुझं मॉडेल. तुझे सर म्हणतात, यंत्राचीही चूक असेल, अजून दोन वर्षं मोजू. मला एवढंच कळलं. आईनं मात्र ‘न दिसणारं’ एवढंच पक्कं धरलं आणि शेजारीपाजारी सांगितलं. शेजारच्या गोजरबाई अंगारा घेऊन आल्या, सूनबाई न दिसणाऱ्याच्या नादी लागलीया, हा पोस्टानं धाडा म्हणाल्या. आई कडाडली, “आमच्यात असलं चालत न्हाई. न दिसणारं माझी सून मोजून काढती, तिला अंगारा कशाला?” गोजरबाई चहा न घेताच गेल्या. मग आईलाच चुटपुट लागली, संध्याकाळी वाटीभर शेंगदाण्याची चटणी देऊन आली.

कंपनीत पाळ्या चालू आहेत. कामाच्या दिवशी निभतं गं, पण सुट्टीच्या दिवशी घर खायला उठतं. तुझी आठवण लई येते. आईसमोर हे बोलायची लाज वाटते, म्हणून इथं लिहितो.

तर आता ‘बघू’ नाही. तू राहा. डिसेंबरात आलीस तर मी गल्लीभर पेढे वाटीन, खोटं कशाला बोलू? पण उद्या तुझं म्हणणं खरं निघालं आणि ते दुसऱ्याच कुणी शोधल्याचं तू माझ्यासमोर बसून पेपरात वाचलंस, तर तुझा तो चेहरा मला बघवायचा नाही. एवढं सांगायलाच हे पत्र. आणि चूक निघाली, तर तीही तूच शोधून काढ, मगच ये.

वाट बघण्यात तरबेज झालेला, तुझाच
महेंद्र