दार लावून

नेरूळ, ८ ऑक्टोबर १९८५

ती. दादास जयाचा नमस्कार.

आम्ही सुखरूप आहोत. ह्यांचं ऑफिस बेलापूरला आलं, म्हणून परळची चाळ सोडावी का ते ठरवायला ह्यांच्या मित्राच्या रिकाम्या फ्लॅटवर राहून बघतोय. पाणी दोन्ही वेळ येतं. भाजीबाजार तेवढा लांब आहे.

चाळीत दिवसा दार लावलं की कुणीतरी विचारतंच, "काय गं, बरं नाही का?" त्या सवयीने इथेही दार सताड उघडं टाकलं होतं. शेजारच्या मालतीबाई इथल्या गावच्याच. त्या ओरडल्या, "लाव गो बाय ते दार, कुत्रा शिरंल घरान!"

मी दार लावलं. कुणीच आलं नाही. आणि दादा, अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा मी पोटभर रडले. चाळीत डोळ्याला पदर लावला की चौघी चहा घेऊन यायच्या, मग त्यांच्यासाठी मलाच हसावं लागायचं. बायका मायेच्या आहेत रे. त्यांना सोडायचं म्हटलं की जीव तुटतो. ह्यांना अजून 'हो' म्हटलेलं नाही.

आईला हे वाचून दाखवू नकोस, पाण्याचं तेवढं सांग. तिचा गुडघा कसा आहे?

अण्णांच्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि तू सगळ्यांना सावरत होतास. तुला रडताना मी पाहिलंच नाही. चार दिवस इथे येऊन जा. मी भाजीला जाईन. बाजार लांब आहे, यायला वेळ लागतो. जाताना दार ओढून घेईन.

तुझी,
जया