बेडूक असा उठत नाही

११ नोव्हेंबर, दुपार

चि. झिपऱ्यास अनेक आशीर्वाद.

बेडूक असा उठत नाही. बर्फ फोडून, मूठ वर करून, गर्जना करत तर नाहीच नाही. आणि तू परवा फोन आपटलास म्हणून तो उद्यापासून तसा उठायला लागणार नाही.

बाकी तू खुशाल असशील. मीही मजेत. कॉलेजच्या ट्रेनिंगला बाहेरगावी जातेय असं सांगितलं होतं ना, तिथेच आहे. खोली बरी आहे. खिडकीतून पाण्याची टाकी दिसते आणि टाकीवर एक कावळा. जेवण अळणी. मावशी सोबत आहे. ट्रेनिंगला मावशी कशाला, हे विचारू नकोस.

तुझ्या कॉमिकची पानं आणलीयेत. लाल पेन्सिलही. कामाचं बोलू.

पान दोन. तुझा हिमदर्दुर दिवसा शीतगृहात पेट्या उचलतो, एकदा बेडकांच्या टाकीत पडतो, आणि गोठूनही जिवंत राहायची शक्ती घेऊन बाहेर येतो. अरे, सर्दी आहे का ती, लागायला? मी कडेला लिहिलंय की असल्या गोष्टी आईबापाकडून येतात. तू त्याखाली लिहिलंस, ‘बापाची भानगड नको.’ बरं. ते मागून बघू.

पान नऊ मात्र चांगलं आहे. खरंच सांगते. थंड मुलखातल्या जंगलातला तो खरा बेडूक पाचोळ्याखाली बसतो, कातडीवर पहिला बर्फ धरतो, आणि त्याचं लिव्हर साठवलेली सगळी साखर रक्तात ओतून देतं. पेशीच्या आत साखर, पेशीच्या बाहेर बर्फ. म्हणून पेशी फुटत नाही. तू ते पिवळ्या-निळ्यात असं काढलंयस की इतकी वर्षं फळ्यावर काढून मला जमलं नाही. डोळे पांढरे केलेस तेही बरोबर, भिंग गोठतं. टेबलावर ठेवला तर टक्कन वाजेल असा. श्वास नाही. ठोका नाही.

इथे पेन्सिल मोडली. मावशीने सफरचंदाच्या सुरीने टोक करून दिलं आणि म्हणाली, “एवढं दाबून कुणाला मारायचंय?”

पान चौदा. ज्यावरून भांडण झालं ते. हिमदर्दुर पुरता गोठलाय, आणि एका छोट्या चौकटीत, आतल्या आत, त्याला कुणीतरी त्याच्या लहानपणच्या नावाने हाक मारतंय. मी खोडलं. तू परत काढलंस. मी परत खोडलं. तू म्हणालास, “ताई, तुला नुसत्या चुका सापडतात.” अरे, पण चूकच आहे ती. गोठलेल्या मेंदूत काही चालत नाही. मशिनवर मेंदूची रेघ सरळ असते. हाक ऐकायला तिथे कुणी नसतं. मी काल त्या भूल देणाऱ्या बाईंनाही विचारून घेतलं.

लिहून गेले बघ. आता खोडत नाही. लाल पेन्सिलने खोडलेलं जास्तच दिसतं.

तर ऐक. हे ट्रेनिंग नाही. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी असते, छत्रीच्या मुठीसारखी वर जाऊन वळते. माझी त्या वळणावर फुगलीय. फुगलेला तुकडा काढून तिथे नळी शिवायची आहे. पण वाहत्या नळाला शिवता येत नाही, म्हणून नळच बंद करायचा. म्हणजे मशिनने मला आधी थंड करत न्यायचं, डोक्याभोवती बर्फाच्या पिशव्या लावायच्या, मेंदूची रेघ सरळ झाली की मशिनही थांबवायचं. मग डॉक्टरांनी पटापट शिवायचं. बेडकाला अख्खा हिवाळा मिळतो. मला अर्धा तास.

तुझ्या हिमदर्दुराला म्हणावं, हे करून दाखव. माणसाला गोठता येत नाही, झिपऱ्या. एवढी साखर रक्तात आली तर माणूस साखरेनेच मरेल. माणसाला फक्त थंड करता येतं, आणि मग घाई करायची असते.

मी बाईंना विचारलं, “तेवढा वेळ मी कुठे असेन?”

त्या म्हणाल्या, “टेबलवर.”

चांगल्या आहेत. त्यांचे हात गरम आहेत. पण त्या गेल्यावर मी दोन पांघरुणं मागवली आणि एसी बंद करायला लावला. मावशी घामाघूम. मला माहितीये की मला थंडी वाजत नाहीये. निघायच्या आदल्या दिवशी मी फ्रीजमधला बर्फ मुठीत धरून बसले होते, किती वेळ धरवतो बघायला. बोटं बधिर झाली तेव्हा एवढी घाबरले की मूठ उघडायचंच सुचेना. प्राणिशास्त्र शिकवते मी. मुलांना गोठलेल्या बेडकाची गोष्ट सांगते तेव्हा ती टाळ्या वाजवतात.

मावशी म्हणतेय, “त्याला फोन कर, नाहीतर मी करते.”

“तू केलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही.”

“उद्या तशीही बोलणार नाहीयेस.”

मग आम्ही दोघी कावळ्याकडे बघत बसलो.

तुला का नाही सांगितलं? तू दवाखान्याच्या दारातच पांढरा पडतोस, हे एक. आणि तुझा रडका आवाज ऐकला असता तर मी चपला घालून घरी आले असते.

१२ तारीख, सकाळ

पाणीसुद्धा बंद आहे. ऑपरेशनला न्यायला येणारे वॉर्डबॉय, सगळे त्यांना मामा म्हणतात, मघाशी डोकावून गेले. तुझं पान उचलून म्हणाले, “बेडकाला चड्डी का घातलीय?”

“माझा भाऊ काढतो.”

“मग बरोबर आहे,” म्हणाले. काय बरोबर आहे ते सांगितलं नाही.

आता पान दोन. ज्याच्यासाठी हे सगळं लिहितेय आणि कालपासून टाळतेय.

बाबा बूट घालायला वाकले आणि उठले नाहीत. सगळे हार्ट अटॅक म्हणाले. आत कुणी बघितलं नाही. आता डॉक्टर म्हणतात, बहुतेक हेच असणार, आणि हे घराण्यात उतरतं. मागच्या भेटीत तू हसलास ना, ताई चपला घालून कॉलेजला जाते म्हणून? मी बूट घालायला वाकत नव्हते, झिपऱ्या. तेव्हा मला कळलेलं होतं.

आणि तूही बाबांचाच आहेस. बापाची भानगड नको, असं आपल्याला लिहिता येत नाही.

मावशीने तुझा नंबर लावलाय. सोमवारी. छातीचं स्कॅन आहे, सुई एकच, चक्कर आली तर ती धरेल. तू तिच्याबरोबर जायचं आहेस. माझं काहीही झालं तरी. वेळेत दिसलं तर पुष्कळ करता येतं, बाबांना ते मिळालं नाही. माझ्यावर रुसून स्कॅनला न जाणं तर अजिबात चालणार नाही. मला माझ्यापेक्षा तुझी जास्त भीती वाटतेय. खोटं. दोन्ही सारख्याच वाटतायत.

मामा आले. खुर्ची घेऊन.

पान चौदा. मी ती चौकट परत बघितली. हाक चूकच आहे, ती काढ. पण काळी रंगवू नकोस. काळ्यातही कुणीतरी बघत असतं. कोरी ठेव. आजवर आपण दोघं नुसते अंदाज करत होतो, आता मी जाऊन येतेय. आल्यावर सांगेन तिथे काय भरायचं. मी सांगेपर्यंत छापायला द्यायचं नाही.

मामा म्हणतायत चष्मा काढा. काढला की मला माझंच अक्षर दिसणार नाही. चष्मा, पत्र आणि पानं मावशीकडे देतेय. मी आत गेले की ती तुला फोन करेल. उत्तर वाचायला मी नसेन, तेव्हा लिहू नकोस. ये.

आणि पान पंधरा नीट काढ. आधी हृदय, तेही अडखळत. मग श्वास. मग पाय. आवाज सगळ्यात शेवटी. तेवढं थांब.

ताई