ओहोळापलीकडचं पोर

१२ जानेवारी २०२५
इथल्या, आखातातल्या ईसा टाउनच्या शाळेने श्रेयाला वंशवृक्ष काढायला सांगितलाय. प्रवीण म्हणाला, "बाबा, नेटवरून एक झाड उतरवून द्या. खलास." नातीचं झाड उसनं? चुलत पुतण्या संदेशला गावी फोन केला. जुन्या शिरगणतीच्या वहीचे फोटो धाडतो म्हणाला.

छातीत पुन्हा जड. प्रवीणला सांगितलं नाही.

१९ जानेवारी
फोटो आले. १९५१ सालचं पान. भिंग घेऊन बसलो. आमचं घर गावात शेवटचं — परसातला ओहोळ ओलांडला की गोवा, तेव्हा पोर्तुगीजांचा. ओहोळापलीकडे फ्लोरीमायचं घर. तिच्या हातची इडलीसारखी सान्नां आठवली नि वाचायचंच राहिलं.

२० जानेवारी
वाचलं. वडील. आई. पुढे — "अपत्य नाही."
शेऱ्यात: "घरात तीन वर्षांचा मुलगा दिसला. बाई म्हणते, आमचा नव्हे, ओहोळापलीकडचा."
मी तेव्हा तीन वर्षांचा.
श्रेया म्हणाली, "आजोबा, सो हू आर यू?" हसतच म्हणाली.

२१ जानेवारी
पान पुन्हा वाचलं.
आईने मला कधी 'माझा' म्हटलं नाही. 'ते पोर' म्हणायची. चौथीत बाळाला कुशीत घेणाऱ्या आईची कविता होती. मी चाल लावून म्हणायचो, तिने ऐकावी म्हणून. ती चुलीकडे तोंड फिरवायची. धूर लागतो म्हणायची. ती गेली तेव्हा मी इथे, रजा मिळाली नाही. ती कोणाची कोण होती मग?

२४ जानेवारी
सत्यवतीअक्काला फोन. चुलतबहीण, नव्वदीला टेकलेली. त्या घरातलं पाहिलेली तीच एक उरलीय.
"रे, तुझ्या आधीची तीन पोरां गेली. म्हणान तुका सुपात घालून फ्लोरीमायच्या ओटयेत दिल्यान. वाढवल्यान तुझ्या आवशीनच, पण नावाक पोर दुसऱ्याचा. मोजणीवालो इलो तेव्हा 'माझा' म्हणूक जीभ उचलाक नाय. म्हटला तर ह्या पोरय जायत, ही भीती."
मग परत नाही घेतलं?
"पाच वर्षांनी नारळ देवन परत घेवचा होता. तिका धीरच झालो नाय. मरेपर्यंत नाय."
इतकी वर्षं बोलली का नाहीस, विचारलं.
"तू कधी इचारलंस?"

फोन ठेवला. ती कविता म्हणून पाहिली. दुसऱ्या कडव्यापाशी थांबलो.

३० जानेवारी
प्रवीणला शेवटी छातीचं सांगितलं. सलमानिया इस्पितळात नेलं त्याने. ऑपरेशन ठरलं, पुढच्या गुरुवारी.

२ फेब्रुवारी
श्रेयाचा चार्ट. आईच्या नावाखाली चार चौकोन आखून दिले. तीन गेलेल्यांचे. चौथ्यावर तिने पेन टेकवलं. "आजोबा, धिस वन इज यू, राइट?"
म्हटलं, गुरुवार होऊ दे. तोवर कोराच ठेव.