आत्याबाईंनी हात पुढे केला

सौसर, फेब्रुवारी १९८७

प्रिय रंजूचे बाबा,

सप्रेम जयभीम. रंजू गेली तरी तुम्हाला हाक मारायला दुसरं नाव सुचत नाही. पत्र लिहायला बसते नि उठते. आई म्हणते, पोरी, एका जागी बस जरा. पण मी उगाच अंगणातून दारात नि दारातून अंगणात करून राहिली.

तुमचा निरोप मिळाला. राग शमला असेल तर ये, म्हणालात. पण मी रागानं आले नव्हते. रंजूच्या पुण्यानुमोदनाला बायका म्हणाल्या, आता दुसरं होऊ द्या, दुःख विसराल. तुम्ही मान डोलावली. मला मात्र तिचे सुजलेले तळहात दिसत होते. आधी हातपाय सुजायचे, मग डोळे पिवळे, आणि शेवटी त्या तापात पोर हातची गेली. कावीळ आहे म्हणून सांगितलं, आपण मानलं.

माहेरून वामनदादा आला नि त्यानं मला नागपूरला नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त तपासलं. या दुखण्याला सिकलसेल म्हणतात. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात. माझ्यात दोष अर्धाच आहे, मला त्रास व्हायचा नाही. पण नवऱ्यातही अर्धा असेल, तर दर खेपेला चारात एक वेळ मूल पुरता आजार घेऊन येतं. रंजूला तोच असावा, असं लक्षणं ऐकून त्या म्हणाल्या. पुढचं मात्र तुमचं रक्त पाहिल्यावरच सांगता येईल. घरी येऊन हे सांगितलं, तर तुम्ही ताट सारून उठलात. "तुह्या माहेरचा रोग माह्या माथी नोको मारू." मग मी इथे आले.

मंगळवारी तुमची आई दारात उभी. आत्याबाई एकट्याच बसनं आल्या होत्या. तुम्हाला मात्र लोधीखेड्याला बहिणीकडे जाते म्हणाल्या होत्या. पाणी प्यायल्या नि म्हणाल्या, "सुशीला, त्या बाईले माहं रक्त दाखव." मी म्हटलं, तुमचं कशाला? तेव्हा त्यांनी कवडूभाऊंचं सांगितलं. तुमचा मोठा भाऊ लहानपणी वारला, एवढंच मला ठाऊक होतं. हिवाळा लागला की त्यांचे सांधे ठणकायचे, डोळे हळदीसारखे व्हायचे. तुम्ही धाकटे असून त्यांना पाठीवर घेऊन जाम नदी ओलांडायचात, सावरगावच्या वैद्याकडे न्यायचात. "उत्तमले रंजूत कवडू दिसे," आत्याबाई म्हणाल्या. "त्याले सुईचं भेव नाही वं. आपल्याच रक्तानं पोरगी गेली, असं निघीन, त्याचं भेव आहे."

तुम्ही हे मला कधी का नाही सांगितलं?

आम्ही दोघी नागपूरला गेलो. आत्याबाईंनी चेहरा न वळवता हात पुढे केला. काल वामनदादा निकाल घेऊन आला. त्यांच्यातही अर्धा दोष आहे. मला वाटलं, आता रडतील. त्या एवढंच म्हणाल्या, "देल्लं असन मीनं. पन जानून देल्लं का?"

डॉक्टरीणबाईंनी वामनदादाजवळ सांगून पाठवलं, आईत आहे म्हणजे मुलात असेलच असं नाही. तुमच्यात नसलं तर ही भीती गेली. असलं, तर मूल होऊ द्यायचं की नाही, हे आपण दोघांनी ठरवायचं. झालंच तर लवकर रक्त तपासायचं, थंडीत जपायचं, ताप आला की उतरायची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. अशी जपलेली काही मुलं त्यांच्याकडे येतात, शाळेत जातात.

आत्याबाईंना हे तुमच्यासमोर बोलवणार नाही, म्हणून हे पत्र त्यांच्या हाती देते. पण मी लिहिलं ते यासाठी नाही. तुम्हाला वाटतं, मला आता मूल नको, म्हणून मी निघून आले. मला मूल हवं आहे. शेजारच्या मीनाचं तान्हं मांडीवर घेतलं तर परत देववत नाही. मला तुमचंच मूल हवं आहे, फक्त डोळे मिटून नको. रविवारी इथे या. सोमवारी नागपूरला दवाखान्याच्या बाकावर मी तुमच्या शेजारी बसेन. जे निघेल ते ना माझ्या माहेरचं, ना तुमच्या घरचं, आपल्या दोघांचं. आणि काहीही निघो, तिथून मी तुमच्यासोबत पांढुर्ण्याला आपल्या घरीच येईन.

तुमचीच,
सुशीला