मालगुजाराची जपानी शिकवणी

वडनेर,
२३ मार्च १९५८

प्रिय चिंधू,

सप्रेम जय भीम.

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी लिहिल्यास, पण त्या अशा की कार्ड सरळ चुलीत घालावं असं वाटलं. ‘ती भाषा तू पुन्हा तोंडात कशी धरतोस? आणि त्या माणसासोबत तू जपानला जाणार हे खरं असेल, तर पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नको.’ खाली सहीसुद्धा नाही. सतरा वर्षांची दोस्ती तू पाच पैशांच्या कार्डावर मोडायला निघालास. बातमी आर्वीपर्यंत कुणी नेली ते विचारत नाही. आमच्या वडनेरात माणसं कमी आणि तोंडं जास्त आहेत. पण अर्धी बातमी ऐकून तू निकाल देतोस, तर उरलेली अर्धी माझ्याकडून ऐक. हातातलं शिवणकाम बाजूला ठेव आणि नीट वाच.

अण्णाजी म्हणजे आमचा माजी मालगुजार. मालगुजारी जाऊन सात वर्षं झाली, पण त्याच्या मिशीला ही बातमी अजून कळलेली नाही. सध्या तो शेतकरी संघाचा अध्यक्ष आहे. सरकार म्हणे शेतकऱ्यांचं एक मंडळ जपानला पाठवतंय, तिथली भातशेती पाहायला. आता आमच्या शिवारात पऱ्हाटी, ज्वारी आणि तूर. भात आम्ही पाहतो तो लग्नाच्या पंगतीत, तोही शेवटच्या वाढीला संपलेला. आणि अण्णाजीने तर पऱ्हाटीचा कापूससुद्धा कधी हाताने वेचलेला नाही. पण नागपूरच्या व्याह्याने वशिला लावला आणि याचं नाव यादीत बसलं. तेव्हापासून हा माणूस जमिनीपासून चार बोटं वर चालतो. देवळीच्या बाजारात त्याने गरम कोट शिवायला टाकला आणि भर मार्चात तो घालून संघाच्या सभेला आला. घामाने भिजला, पण कोट काढला नाही.

मग त्याला समजलं की तिकडे जायचं तर चार शब्द यायला हवेत, रीतभात यायला हवी. सिंगापूर पडल्यावर साडेतीन वर्षं जपान्यांच्या कैदेत काढलेला माणूस अख्ख्या तालुक्यात एक मी. वासरांत लंगडी गाय शहाणी. पूर्वी त्याच्या घरून निरोप यायचा तो ‘डोम्याले पाठवा’ असा. या वेळी गडी येऊन म्हणाला, ‘डोमाजींले मालकानं बलावलं.’ गेलो. अण्णाजी चक्क उठून उभा राहिला आणि म्हणाला, ‘तुमी दीक्षा घेतली, लई चांगलं केलं. जपानातले लोकही बुद्धाचेच. म्हंजे तुमी तं तिकडले पाव्हणेच झाले! मले शिकवा, आन दुभाषा म्हणून माह्यासंगं चाला. तिकीट सरकारचं.’ दीड वर्षापूर्वी आम्ही दीक्षा घेऊन परत आलो, तेव्हा याच तोंडाने आमच्या विहिरीबद्दल काय काढलं होतं ते तुला मी तेव्हाच लिहिलं होतं. आता आमचा धर्म त्याला जपानच्या वाटेवर उपयोगी पडला. चहा आला, तो घरच्या कपात आला. पण पिऊन झाल्यावर त्याच्या बायकोने, मनकर्णाबाईंनी, कप पदराच्या टोकाने धरून नेला आणि अंगणाच्या कोपऱ्यात वेगळा राखेने घासला, हे मी ओट्यावरून पाहिलं. त्यांचा राग नाही आला मला. निदान त्या खोटं तरी वागत नव्हत्या.

मग का शिकवलं, हा तुझा प्रश्न. खरं सांगतो, मला तिकीट हवं होतं. आमची धुरपताही मागे लागली होती, ‘जा ना, काऊन नाई म्हणता? तवा त्यायचे कैदी होते, आता एकडाव पाव्हणे म्हणून जा.’ मलाही वाटलं, त्या मुलखात एकदा ताठ मानेने हिंडून यावं, कुणी अडवलं तर पासपोर्ट दाखवावा. पण याहून मोठं कारण दुसरं होतं. ज्याच्या बापासमोर माझ्या बापाने जमिनीला हात लावून जोहार घातला, तो माणूस रोज दुपारी वही-पेन्सिल घेऊन माझ्यासमोर बसणार होता. ते सुख मी सोडणार नव्हतो.

काय सांगू तुला त्या शिकवणीची गंमत! जेवायच्या काड्या कुठून आणायच्या, म्हणून मी दोन तुराट्या सोलून दिल्या. पाटावर भाताचं ताट, समोर मिशीवाला अध्यक्ष, आणि एक शीत तोंडापर्यंत जायला तयार नाही. सगळा भात धोतरावर. शेवटी चिडून त्याने डाव्या हाताने घास काड्यांवर ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही गडच जिंकला. ‘ओहायो गोझाइमासु’ हा सकाळचा रामराम तो इतक्या जोरात म्हणायचा की गोठ्यातले बैल उठून उभे राहायचे. जोडे बाहेर काढायचे, हे ऐकून त्याला फार समाधान झालं. म्हणाला, ‘म्हंजे आपलेच संस्कार गेले तिकडे.’ सगळं जग आपल्याच घरातून गेलं अशी या लोकांची समजूत असते.

पण हळूहळू माझंच पितळ उघडं पडायला लागलं. त्याने विचारलं, मासोळी नको हे कसं सांगायचं? मला येईना. अन्न नको म्हणायची पाळी आपल्यावर कधी आली होती, चिंधू? त्याने विचारलं, ‘याची किंमत काय’ हे कसं म्हणतात? तेही येईना. आपण तिथे काय विकत घेतलं होतं? मला येत होतं ते एवढंच: पाणी द्या, आजारी आहे, लवकर करतो, चूक झाली, आज दोन मेले. आणि आकडे, शंभरापर्यंत, झोपेतसुद्धा न चुकता. हा माणूस वहीत ‘ब्योकी म्हणजे आजारी’ असं वळणदार अक्षरात लिहून घेत होता, आणि मी शहाण्या मास्तरासारखा मान डोलावत होतो. त्याला हसता हसता स्वतःचीही थोडी किळस आली, पण शिकवणी सोडली नाही.

कारण नमस्कार अजून शिकवायचा होता. जपान्यांचे आपसातले नमस्कार तूही पाहिलेस. अधिकारी अधिकाऱ्याला भेटला की मान जराशी झुकवायचा, झालं. व्यापारी असेल तर थोडं आणखी. मला ते सगळं आठवत होतं. तरी मी अण्णाजीला शिकवला तो आपला नमस्कार, कैद्याचा. टाचा जुळलेल्या, हात मांडीला चिकटलेले, कंबरेतून काटकोनात वाकायचं, नजर जमिनीवर, आणि ‘नाओरे’ असा हुकूम होईपर्यंत वर यायचं नाही. सांगितलं की थोरामोठ्यांपुढे हीच रीत आहे. त्याने एका शब्दानेही शंका काढली नाही. जो माणूस आयुष्यात कुणापुढे वाकला नाही, त्याला वाकण्यातलं काय कळणार? रोज पंचवीस नमस्कार, ढेरीमुळे धापा टाकत. मी ओट्यावर उभा राहून ‘केइरेई!’ ओरडायचो आणि मालगुजार माझ्या पायांकडे बघत वाकायचा. कधी कधी मी ‘नाओरे’ म्हणायला मुद्दाम वेळ लावायचो. चूक दाखवली की ‘अरिगातो गोझाइमासु’, म्हणजे आभारी आहे, असं म्हणायचं, हेही शिकवलं. मला मजा यायची. घरी येऊन धुरपताला नक्कल करून दाखवायचो आणि आम्ही दोघं पोट धरून हसायचो.

मागच्या बुधवारी दुपारची गोष्ट. अण्णाजी वाकला होता. मी हुकूम रोखून धरला होता. त्याने वाकल्या वाकल्या नजर वर केली आणि माझ्याकडे पाहून हसला, ‘जमलं ना?’ असं विचारल्यासारखा. बस्स, एवढंच. आणि माझा हात उठला. विचार करून नाही, राग येऊन नाही. हाताला ती वाट माहीत होती. सणसणीत बसली. त्याचा चष्मा उडून तुळशीजवळ पडला आणि गालावर पाचही बोटं उमटली. मला वाटलं, संपलं आता सगळं. बौद्धवाड्यातल्या माणसाने मालगुजाराच्या थोबाडीत मारली, तीही त्याच्याच ओट्यावर. आता रात्र पडायच्या आत आमच्या घरांवर माणसं चालून येणार. मी धुरपताचा विचार करत तसाच उभा राहिलो.

आणि चिंधू, त्या माणसाने टाचा जुळवल्या, पुन्हा काटकोनात वाकला आणि म्हणाला, ‘अरिगातो गोझाइमासु.’ दारात मनकर्णाबाई आल्या होत्या. त्या किंचाळल्या, ‘अवो, हे शिकवणं होय का मारणं होय?’ तर हा वाकलेला असतानाच त्यांच्यावर खेकसला, ‘तुले काय समजते? तिकडली रीत हाय ते! वर पाहिलं का बसते!’ मनकर्णाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्या घरात सगळं समजलेलं माणूस तेवढंच होतं. त्यांनी नवऱ्याचा चष्मा उचलला, पुसला आणि आत निघून गेल्या.

खरं तर हा माझ्या आयुष्यातला सर्वांत गोड दिवस व्हायला हवा होता. मालगुजाराने थोबाडीत खाल्ली आणि वर आभार मानले! बाप जिवंत असता तर त्याला सांगायला धावत गेलो असतो. मी घरी आलो, पण धुरपताला नक्कल करून दाखवता आली नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन अण्णाजीला सगळं सरळ सांगितलं: हा कैद्यांचा नमस्कार आहे, मी तुम्हाला मुद्दाम खोटं शिकवलं, मार ही काही रीत नव्हे, आणि मी येत नाही, दुसरा दुभाषा बघा. त्याला पटलं म्हणतोस? छे! त्याला वाटलं मी भाव खातोय. म्हणाला, ‘पैशे वाढवून पायजे का? आन जास्त वाकलो तं काय बिघडते? जास्त मान भेटन.’ आता जाईल आणि तिथे विमानतळावर चारचौघांत कैद्यासारखा कमरेत मोडून उभा राहील, कुणी ‘नाओरे’ म्हणायची वाट बघत. त्याच्या मूर्खपणाला मी किती दिवस हसलो! पण त्याला मूर्ख केलं ते मी, आणि आता ते पुसताही येत नाही.

तुझ्या कार्डाचं उत्तर तुला मिळालं. मी जात नाही. पण हे पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. तेरा वर्षं आपण दर दिवाळीला एकमेकांना लिहितो, आणि कैदेतल्या त्या एका सकाळबद्दल तू एक अक्षर काढलं नाहीस, मीही नाही. मला आकडे चांगले यायचे म्हणून त्यांनी मला गणतीवर नेमलं, अर्धा डबा भात जास्त मिळायला लागला. नमस्कार चुकेल त्याला गणतीवाल्याने मारायचं असा हुकूम होता. तुला ताप होता. तू वाकलास, पण नजर वर केलीस, माझ्याकडे, ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी. मी मारलं. तू चिखलात पडलास, उठलास, आणि मला ‘अरिगातो गोझाइमासु’ म्हणालास. मी घरी सगळ्यांना सांगितलं की तुला पहारेकऱ्याने मारलं. ते ऐकून तू गप्प बसलास, माझी अब्रू राखलीस. स्वतःला मी सांगत आलो की मागे बंदूकवाला पहारेकरी होता, मी मारलं नसतं तर त्याने बंदुकीच्या दस्त्याने मारलं असतं. बुधवारी अण्णाजीच्या ओट्यावर माझ्या मागे कुणी नव्हतं, चिंधू. भिंत होती. म्हणून आता माझा माझ्यावर भरवसा राहिलेला नाही, आणि हे ज्याला विचारावं असा माणूस जगात एकच आहे. येत्या रविवारी मी आर्वीला येतो. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. नाही उघडलंस तर बाहेर बसेन आणि संध्याकाळच्या मोटारीने परत जाईन. पण उघडलंस तर मला एवढंच खरं सांग: त्या सकाळी मी हुकुमापुरतं मारलं होतं, की त्याहून जोरात?

तुझाच,
डोमाजी