दत्तूचा डावा हात

६ जानेवारी
सिद्ध करावयाचे ते असे: घरी संगीत ऐकण्यास फुल-रेंज स्पीकरची जोडी पुरेशी आहे, सबवूफर, म्हणजे केवळ खर्ज वाजवणारे वेगळे खोके, ही अनावश्यक भर होय. हेतू: वाद्य एक, तर त्याचा ध्वनीही एकाच ठिकाणाहून यावा, खर्ज वेगळ्या खोक्यातून काढला की वाद्य दुभंगते.
दत्तूची मुलगी मीना मिरजोळ्यास कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्सचे काम पाहते. सबवूफरचे ते खोके ती शनिवारी आणणार. म्हणाली, "आप्पाकाका, आधी ऐका, मग निकाल द्या."
निकाल दिलेला नाही. प्रतिज्ञा मांडली आहे.

९ जानेवारी
दत्तूचा पखवाज दोन वर्षे खोळीत आहे. कारण नोंदवणे प्राप्त. संगमेश्वरच्या डबलबारीस, दोन भजनी बुवांच्या त्या सामन्यास, मी गेलो नव्हतो, त्या भजनाचे ध्वनिमुद्रण याच स्पीकरवर ऐकले आणि त्याला म्हणालो, "तुझा डावा हात आता बोलत नाही. थांब." धाकटा भाऊ. थांबला. भजनी मंडळाने दुसरा पखवाजी घेतला. दत्तूने मला पुन्हा एका शब्दाने विचारले नाही.

११ जानेवारी
खोके कोपऱ्यात ठेवले. कपाटातली भांडी थरथरली. दत्तू: "हा कसला पखवाज! मिरकरवाडा बंदरात ट्रॉलर सुरू झालाय." मला प्रमाण मिळाल्यासारखे वाटले. मीना: "कोपऱ्यात घुमतोय, काका. पुढे घेते, आवाजही कमी करते."
मांडणीचा दोष यंत्रावर लादता येत नाही. मान्य. चाचणी उद्या, मी पाठ करून बसणार, खोके चालू की बंद हे तिने सांगायचे नाही.

१२ जानेवारी, सकाळी
तेच ध्वनिमुद्रण, दोनदा. पहिल्या खेपेस डाव्याच्या जागी नुसती टपली, पूर्वी ऐकली तशीच. दुसऱ्या खेपेस
डावा होता. प्रत्येक समेवर. भरीव.
दत्तूची बोटे गुडघ्यावर. "त्या दिवशी पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक जरा जास्त लागली होती, खर्ज खोल गेला होता," एवढेच म्हणाला.
माझा आक्षेप: हा खर्ज खोक्याने स्वतःच निर्माण केला नसेल कशावरून? माझ्या जुन्या व्याख्यानाची फीत लावली. त्यात खोल खर्ज नाही; खोके गप्प राहिले. नसलेले ते निर्माण करीत नाही.
तरीही म्हणालो, "पण ते बाहेरून जोडलेले आहे."
"कणीक तरी पखवाजाला आतून येते का, दादा? ती काढ, डावा पत्र्यासारखा वाजेल."
 

१४ जानेवारी
त्याचा डावा तेव्हाही वाजत होता, चूक माझी, असे दत्तूला स्पष्ट शब्दांत सांगितले. तिळगूळ हातातच राहिला त्याच्या. "दोन वर्षं, दादा."  मीना आत निघून गेली.

१६ जानेवारी
सकाळी खोळ काढलेली दिसली. मीनाने कणीक मळून वाटीत झाकून ठेवली. दुपारपर्यंत सुकली. तिने पुन्हा मळली. दत्तू पखवाजासमोर बसला आहे. वाटीला हात लावलेला नाही. दुसऱ्या खोलीत मी हे लिहितो आहे आणि कान तिकडे आहे.

प्रतिज्ञा असिद्ध. ते गौण. चूक ही: माझ्या स्पीकरला जे ऐकवता आले नाही, ते वाजलेच नाही असे मी धरले, आणि त्या आधारावर एका वाजवत्या हाताला थांबवले.
— विनायक