दोन उधाणांमधले दिवस

मॉसमन, ३ मे

प्रिय केरिन,

तुझं पत्र गेल्या मंगळवारी मिळालं. चारच ओळी आहेत, पण साडेतीन वर्षांतलं तुझ्या हातचं पहिलंच पत्र, म्हणून मी ते फाटकाशी उभ्यानंच वाचलं. शेजारच्या ग्वेननं कुंपणावरून विचारलं, "काय लायल, सरकारी कागद आला वाटतं? चेहरा बघ." मी हो म्हटलं आणि आत आलो. तू लिहिलंस की बोटीपायी मी आईची डॉक्टरांची तारीख चुकवली, त्याबद्दल तू मला माफ केलं आहेस. आणि जुलैत आठवडाभर येऊन माझ्याबरोबर बोटीवर राहायचं म्हणतेस. वाचून काय वाटलं ते मला लिहिता येणार नाही. पण तू येण्याआधी त्या खाडीत काय झालं ते तुला कळायला हवं. कळल्यावर कदाचित तुला यावंसं वाटणार नाही. ते लक्षात ठेवूनच लिहायला बसलो आहे.

त्या ऑक्टोबरात तू होबार्टहून रजा काढून टाउन्सव्हिलला खोली घेतलीस आणि आईच्या कॅन्सरवरच्या औषधांच्या दुसऱ्या फेरीसाठी चौदा तारीख पक्की केलीस. इथून गाडीनं अर्ध्या दिवसाचा रस्ता. पण आई म्हणाली, "गाडीनं गेले तर पेशंट, बोटीनं गेले तर प्रवासी. मला प्रवासी म्हणून जायचंय." तू फोनवर खूप चिडलीस, मग दिवस हाताशी आहेत म्हणून कबूल झालीस. एक तारखेला आम्ही आपली शिडाची बोट 'जबिरू' घेऊन निघालो.

पहिले पाच दिवस फार चांगले गेले. ऑक्टोबरात आग्नेयेचा वारा थकतो आणि दुपारी उत्तरेकडून हलका वारा सुटतो, हे तुला आठवत असेल. सकाळी चहा पिऊन नांगर उचलायचा, दहापर्यंत इंजिनावर जायचं, मग मोठं शीड एका अंगाला आणि पुढचं दुसऱ्या अंगाला सोडून द्यायचं, की बोट आपली आपण चालत राहायची. किनाऱ्यावर डोंगर, उसाच्या गिरण्यांचा धूर, दुसऱ्या बाजूला बेटं. आई सुकाणूपाशी दोन उशा पाठीशी घेऊन बसायची. फिट्झरॉय बेटाच्या पुढे गळाला सुरमई लागली तेव्हा मी नुसताच धडपडत होतो. ती म्हणाली, "पस्तीस वर्षं साखर कारखान्यात रसायनं मोजलीस, आता एक मासा धरता येईना?" आणि स्वतः उठून तिनं तो आत ओढला. त्या दिवशी ती दोन तुकडे जेवली. मी मनात तुझे आभार मानले, कारण पहिल्या फेरीसाठी तू तिच्यामागे लागली नसतीस तर त्या ताटावर ती नसतीच. हे मी तुला तेव्हा कधी बोललो नाही. आता बोलतो.

सहा तारखेला आम्ही हिंचिनब्रुकच्या सामुद्रधुनीत आलो. संध्याकाळी वारा वाढणार असं रेडिओवर सांगत होते, म्हणून सकाळीच तिवरांच्या एका खाडीत शिरायचं ठरलं. आमच्यात कामं वाटलेली होती. सुकाणू, इंजिन, नांगर माझ्याकडे. भरती-ओहोटीचं पुस्तक आणि सगळी गणितं आईकडे. बावीस वर्षांत मी ते पुस्तक उघडलं नाही. ती सांगायची, "आता आत घे," मी घ्यायचो. त्या सकाळी खाडीच्या तोंडाशी बोटीचा तळ वाळूला घासला. मी इंजिन मागे घेणार तेवढ्यात आई म्हणाली, "जाऊ दे पुढे. अजून मीटरभर पाणी चढायचंय." मी इंजिनाचा जोर वाढवून बोट पार वाळूच्या पाठीवर नेली. मग पाणी चढलं नाही. उतरायला लागलं.

आपल्या बोटीला खाली दोन कणे आहेत, त्यामुळे ती पाण्याबाहेर चार पायांच्या जनावरासारखी सरळ उभी राहते. दुपारी आम्ही वाळूवर उभ्या बोटीत बसून चहा प्यायलो. मला वाटलं, रात्रीच्या भरतीला निघू. त्या भरतीला पाणी तळापर्यंत आलं, पण बोट हलली नाही. दुसऱ्या दिवशी आणखी कमी आलं. मग मला समजलं की आम्ही उधाणाच्या अगदी माथ्यावर आत घुसलो होतो. आता भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे दिवस, रोज पाणी थोडं थोडं कमी येणार, आणि पुढचं उधाण लागेपर्यंत, म्हणजे चौदा दिवस, बोट जागची हलणार नाही. शिडाच्या बोटीवर राहणाऱ्यांमध्ये याहून मोठी लाज नाही. मला तिच्यावर राग आला नाही. वेदनेच्या गोळ्या चालू होत्या, त्यानं आकडा चुकला असेल असं मी धरून चाललो, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून चूक माझीच आहे असं म्हणत राहिलो.

तिसऱ्या दिवशी रेनाटो आला. तो जवळच्या कार्डवेल गावचा म्हातारा खेकडेवाला. भरतीच्या पाण्यावर पत्र्याची होडी घेऊन आपले पिंजरे बघायला यायचा. आम्हाला बघून त्यानं होडी थांबवली आणि पोट धरून हसला. "काय कप्तान, इथल्या मतदार यादीत नाव घालायचं का? पत्ता काय देऊ, तिवर नंबर तीन?" मी म्हटलं, गणित चुकलं. तो म्हणाला, "गणित कसलं? पंधरवड्यातलं सगळ्यात मोठं पाणी होतं ते. माझ्या बायकोच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल रंगात आहे." मग त्यानं आईकडे नीट बघितलं. तिच्या डोक्यावर रुमाल होता. हसणं थांबवून म्हणाला, "बाईसाहेब, चला, आत्ता तुम्हाला गावात सोडतो. पाऊण तास लागेल." आई म्हणाली, "थँक यू, रेनाटो. मी इथं बरी आहे. खेकडे विकतोस की नुसते दाखवतोस?" त्यानं दोन मोठे खेकडे दिले आणि काही घेतलं नाही.

तो गेल्यावर मी आईसमोर बसलो. विचारायचं कसं ते मला सुचेना. शेवटी म्हटलं, नोएला, त्या दिवशी पाणी चढायचं होतं की नव्हतं? ती खेकड्याच्या नांग्या दोऱ्यानं बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "लायल, बावीस वर्षांत मी कधी चुकले आहे का?"

केरिन, तिनं ते ठरवून केलं होतं. घरी असतानाच तिनं दिवस मोजले होते. सहाच्या उधाणाला आत, वीसच्या उधाणाला बाहेर, आणि चौदा तारीख मधोमध. मी विचारलं, नको होतं तर केरिनला तसं सांगायचं नाहीस का? ती म्हणाली, "तिला नाही म्हणायला मला जमत नाही. लहानपणीही जमलं नाही. ती फोनवर रडते आणि मी हो म्हणते. या वेळी ते हो पाळलं असतं तर एव्हिससारखं झालं असतं." तुझी एव्हिस मावशी दुसऱ्या फेरीत कशी गेली ते तू बघितलं नाहीस, आईनं बघितलं होतं. डॉक्टरांनी आईला एकटीला सांगितलं होतं की दुसऱ्या फेरीनं फार तर सहा-सात आठवडे जास्त मिळतील, आणि त्यातले बरेचसे खाटेवर. हे तिनं मलाही त्याच दिवशी सांगितलं. "समुद्राला कोणी दोष देत नाही," असं म्हणाली. तिचं हे एकच गणित चुकलं. समुद्राला नाही दिला, मला दिला.

त्याच संध्याकाळी टेकडीमागून फोनला थोडी रेंज आली तेव्हा मी तुला फोन केला. बोट वाळूत अडकली आहे आणि किनाऱ्यावर जायच्या आपल्या छोट्या होडीचं इंजिन बिघडलंय असं सांगितलं. ते बिघडलेलं नव्हतं. तू म्हणालीस, मी बचाव बोट पाठवते, आईला तरी पाठव. मी आईकडे बघितलं, तिनं नको अशी मान हलवली आणि हळूच शब्द सांगितले. मी तेच बोललो: बोट एकटी सोडता येत नाही. आईला एकटीला पाठवणार नाही. अंत्यविधीनंतर चहाच्या वेळी सगळ्यांसमोर तू तेच वाक्य मला परत ऐकवलंस, आणि म्हणालीस की बोटीसाठी मी आईला मारलं. मी काही बोललो नाही. लोकांना वाटलं मला लाज वाटते आहे. तसं असू दे म्हटलं.

आता त्या चौदा दिवसांचं सांगतो, कारण ते तुला कोणी सांगितलेलं नाही. तिला बरं वाटत होतं. पहिल्या फेरीची औषधं बंद होऊन महिना झाला होता, तोंडाला चव आली होती. ओहोटीला बगळे अगदी बोटीखालून चालत जायचे. समोरच्या चिखलावर मगरीच्या पोटाची घसट दिसायची, म्हणून वाळूवर उतरायचं तर जपून. तरी मी रोज तासभर उतरून तळाचे शिंपले खरवडायचो, आणि आई वर पातेल्याचं झाकण आणि डाव घेऊन पहाऱ्याला बसायची. "मगर आली की वाजवीन. नाही आली तरी एकदा वाजवीन, तुझी उडी बघायला." तिनं दोनदा वाजवलं. दोन्ही वेळा मगर नव्हती. रेनाटो एक दिवसाआड यायचा, बायकोनं दिलेला पाव, पिकलेले आंबे आणायचा. दर वेळी विचारायचा, "बाईसाहेब, येताय?" आणि दर वेळी आई म्हणायची, "पुढच्या गुरुवारी बघू." चौथ्या खेपेला तो समजला. नंतर त्यानं विचारलं नाही, नुसती टोपी काढायचा.

आणि ती मला भरतीचं गणित शिकवत होती. रोज सकाळी पुस्तक, पेन्सिल, कागद. मी चुकलो की कागद फाडून समुद्रात टाकायची नाही, माझ्या खिशात घालायची, रात्री परत सोडव म्हणून. मला वाटलं वेळ घालवायला करते आहे. शेवटच्या दिवसांत उमजलं की मी पुढे एकटा बोट चालवणार आहे, याची ती तयारी करते आहे. मी एकदा म्हटलं, मी बोट विकून टाकीन. ती म्हणाली, "विकून काय करशील? ग्वेनच्या कुंपणाशी बोलत बसशील?" वीस तारखेला बोट किती वाजता उचलेल ते मला सांगायला लावलं. मी नऊ चाळीस म्हटलं. ती म्हणाली नऊ बावन्न. नऊ एक्कावन्नला तळ सुटला आणि बोट हलली. तिनं घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "मीसुद्धा एका मिनिटानं चुकले. आता तुझं तू बघ."

पुढचं तुला माहीत आहे. टाउन्सव्हिलच्या धक्क्यावर तू उभी होतीस आणि माझ्याकडे बघितलंही नाहीस. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या फेरीची वेळ निघून गेली. आईनं जानेवारीत घरी, तिच्या खोलीत डोळे मिटले. तू शेवटपर्यंत तिच्याजवळ होतीस आणि तिच्याशी एकदाही चढ्या आवाजात बोलली नाहीस. तेवढ्यासाठीच तिनं हे सगळं केलं होतं. सगळा राग माझ्या वाट्याला आला, तिच्या वाट्याला तू आलीस. त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे.

हे इतके दिवस का लिहिलं नाही, तर तिनं माझ्याकडून तसा शब्द घेतला होता. बोट सुटायच्या आदल्या दिवशी म्हणाली, "तिला आत्ता सांगू नकोस. जिवंत माणसावर रागावता येतं, भांडता येतं, एक दिवस समेटही होतो. मेलेल्या आईवर रागावली तर त्या पोरीनं जायचं कुठं? ती तुला आपणहून माफ करील, त्या दिवशी सांग." मी विचारलं, आणि नाहीच केलं तर? ती म्हणाली, "करील. माझी मुलगी आहे. तुला थोडी वाट बघावी लागेल एवढंच." म्हणून तुझं पत्र आलं आणि मी लिहायला बसलो. तू पाठवलेली माफी सगळी माझी नाही. पण थोडी आहे. तिसऱ्या दिवशी मला कळलं होतं, होडीचं इंजिन चालू होतं, आणि मी तिला समजावून तुझ्याकडे आणू शकलो असतो. मी एकदाही प्रयत्न केला नाही. मला ते दिवस माझ्यासाठी हवे होते. तेवढ्यापुरती माफी मी ठेवून घेतो आणि त्या माफीबद्दल तुझे आभार मानतो. बाकीची परत पाठवतो आहे. ती आईला द्यायची की कोणालाच नाही, ते तू ठरव, आणि रागवायचं असेल तर आता मोकळेपणानं रागाव. जुलैच्या तेरा तारखेला केर्न्सच्या विमानतळावर मी असेन. तू विमानात असलीस किंवा नसलीस तरी असेन.

वाट बघायची सवय झालेला, तुझाच,
बाबा